विहिरीचं माप ग्रामसभेत वाचू द्या

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्यामुळे 5 जूनचा पर्यावरण दिन आमच्याकडे मुलांविनाच उरकतो. रोपं येतात जुलैत. तोवर खड्डे खणून झालेले असतात, बॅनर छापून आलेला असतो. एका रोपाला सात-आठ हात लागतात, फोटो निघतो आणि तो वरच्या कार्यालयाला जातो. पुढच्या मे महिन्यात त्या खड्ड्यात काय उरलं, हे विचारणारा रकाना मी कुठल्या अहवालात पाहिलेला नाही.

मी वाशिम जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथीचे वर्ग माझ्याकडे एकत्र आहेत. मुलं बहुतेक शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची. माझं म्हणणं एवढंच आहे, की मुलांनी गावाविषयी जे शोधून काढलं ते गावाच्या कारभारापर्यंत पोचत नसेल, तर तो प्रकल्प त्यांना नागरिक करत नाही. गुण मिळतात, वही भरते आणि मूल शिकतं ते भलतंच: आपण मोजलेलं, लिहिलेलं कोणी वाचत नसतं.

2010 साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनात 'प्रकल्प' या साधनाला जागा मिळाली. विचार चांगला होता, पण प्रकल्पाला गुण आहेत म्हटल्यावर बाजारानं तो ताबडतोब उचलला. आज तालुक्याच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात 'जलचक्र', 'प्रदूषण', 'पाणी वाचवा' असे तयार चार्ट मिळतात, थर्माकोलची पवनचक्की मिळते, प्रकल्पवहीत चिकटवायची चित्रं पाकिटात मिळतात. शनिवारी बाजाराला गेलेले वडील येताना घेऊन येतात आणि आई किंवा मोठी बहीण रात्री चिकटवून देते. त्या वडिलांना मी दोष देत नाही. शाळेनं मागितलं ते त्यांनी पदरचे पैसे घालून आणलं. पण ज्या घरी प्यायचं पाणी टँकरनं येतं, त्या घरच्या मुलीनं दुकानातून आणलेल्या नळाच्या चित्राखाली 'पाण्याची बचत करा' असं लिहावं, हे मला बघवत नाही.

प्रकल्पपद्धत परदेशातून आली असं डी.एड.ला शिकवलं जातं. विल्यम किलपॅट्रिक यांचा 1918 चा निबंध, त्यांच्या मागचे जॉन ड्यूई, हे पाठ होतं. ते खरंही आहे. परंतु महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, ते शिक्षकांनी एकदा शांतपणे वाचावं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान हवं, आणि प्रत्यक्ष शिकण्यासाठी नमुन्याची छोटी शेतं हवीत, असं त्यांनी मागितलं आहे. पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते ताली आणि बंधारे घालून पाणी शेतातच कसं मुरवावं हे सांगतात आणि सरकारी जंगल खात्यानं गायरानं, रानं आवळल्यामुळे शेतकऱ्याची जनावरं कशी उपाशी पडली तेही सांगतात. माती, पाणी, चराई, शाळा आणि सरकारची जबाबदारी या पाचही गोष्टी त्यांच्या लेखी एकाच प्रश्नात मोडत होत्या. आपण त्यांचे वेगवेगळे विषय केले आणि वेगवेगळ्या तासिका लावल्या.

मग वर्धा. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षणपरिषद भरवली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची आखणी झाली. हातानं काम करता करता गणित, भाषा, समाजशास्त्र शिकायचं, हा तिचा गाभा. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी हेच आपल्या पद्धतीनं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर अनुताईंनी शाळाच कुरणात नेली. पुढे कोठारी आयोगानं 1966 मध्ये 'कार्यानुभव' सुचवला, जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. आणि आमच्या शाळांमध्ये त्या कार्यानुभवाची अखेर कागदी फुलांमध्ये आणि शुभेच्छापत्रांमध्ये झाली. काम राहिलं, त्यातला गाव निघून गेला.

पण माझ्या विचाराला सर्वांत जास्त आधार मिळतो तो ड्यूई यांच्या एका भारतीय विद्यार्थ्याकडून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्यूई तिथे शिकवत होते. लोकशाही म्हणजे सरकार चालवण्याची नुसती तऱ्हा नव्हे, ती माणसांनी एकमेकांच्या अनुभवात सामील होऊन जगण्याची पद्धत आहे, ही ड्यूई यांची मांडणी बाबासाहेबांच्या लेखनात पुन्हा पुन्हा भेटते. आणि ती मांडणी त्यांनी महाडला प्रत्यक्ष पाण्यावर आणून उभी केली. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला होता, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला होता. कागद तयार होते, पण चवदार तळं बंदच होतं. 20 मार्च 1927 रोजी माणसं चालत गेली आणि पाण्याला हात लावला, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पर्यावरण आणि नागरिकत्व हे दोन शब्द एकत्र उच्चारताना मराठी माणसानं आधी या तळ्याकडे बघायला हवं. पाणी किती आहे आणि ते कोणाचं आहे, हे प्रश्न आपल्याकडे वेगळे करता येतच नाहीत.

म्हणूनच विहिरीचं माप घेणं हे मी माझ्या वर्गाचं मुख्य काम मानते. आमचं गाव मालेगाव तालुक्यात, पाणलोटाच्या माथ्यावर. जिल्ह्याची ही गोष्ट मुलांना फार आवडते: वाशिम तालुक्यात काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला पूर्णेला मिळते, पुढे तापीतून अरबी समुद्रात जाते, आणि पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी वर्धा-गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराला जातं. तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तकं बालभारतीनं जिल्हावार काढली, तेव्हा या नद्या निदान नावानं वर्गात आल्या. मात्र शाळेच्या छपरावरचं पाणी कोणत्या समुद्राला जातं, हे पुस्तकात नाही. ते शोधायला पावसात उतारावर उभं राहावं लागतं.

माप घेण्याची रीत साधी आहे. दोरीला फुटाफुटावर गाठी, टोकाला दगड. कठडा असलेलीच विहीर घ्यायची आणि सोबत मोठं माणूस असल्याशिवाय कोणी पुढे व्हायचं नाही. पहिला वाद लगेच उभा राहिला: माप कठड्याच्या वरून घ्यायचं की जमिनीपासून? दोन गटांची दोन मापं आली आणि दोन्ही बरोबर होती. चौथीतल्या एका मुलीनं तोडगा काढला, की कठड्याची उंची एकदाच मोजून ठेवायची आणि प्रत्येक वेळी वजा करायची. मग प्रत्येक कठड्यावर ऑइलपेंटनं एक तांबडी रेघ ओढली, की दगड इथूनच सोडायचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं निरीक्षण विहिरींची पातळी हाच हिशेब करून घेतात. वर्षातून चार वेळा, पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. आम्हीही तेच महिने धरले, म्हणजे आमचे आकडे पुढे कोणाला ताडून बघता येतील. वजाबाकी शिकवायला मला त्या वर्षी दुसरं साधन लागलं नाही.

विहिरी कोणाच्या, हा प्रश्न आलाच. पाटलाच्या वावरातली, ग्रामपंचायतीची, बौद्धवाड्यातली, तांड्याच्या खालची. गट करताना मी एकच नियम ठेवला, की प्रत्येक गटात सगळ्या वस्त्यांची मुलं हवीत आणि प्रत्येक गटानं सगळ्या विहिरींवर जायचं. काही मुलं काही विहिरींवर पहिल्यांदाच गेली. त्याबद्दल वर्गात मी भाषण केलं नाही. वहीतल्या तक्त्यात सगळ्या विहिरी एकाखाली एक आल्या, तेवढं पुरेसं होतं.

आपला काळा पाषाण पाणी थोडंच धरतो. वरचा मुरूम आणि भेगा भरल्या की विहीर भराभर वर येते आणि तितकीच भराभर उतरते. मुलांना वाटत होतं, पाणी उन्हानं कमी होतं, म्हणजे सर्वांत जास्त घट मार्चनंतर दिसणार. तक्ता भिंतीवर लावला तेव्हा मोठी घट दिसली ती ऑक्टोबर आणि जानेवारीच्या मापांमध्ये. उन्हाळ्याला तेव्हा अवकाश होता. मग त्या महिन्यांत गावात काय चालू असतं, ही चर्चा झाली. हरभऱ्याचं, गव्हाचं ओलीत. मोटारी. चर्चा थांबली आणि मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मंग पाणी आमच्या बाबानंच संपवलं का?"

प्रकल्प इथे खऱ्या अर्थानं सुरू होतो आणि त्याचा तात्त्विक पायाही इथेच तपासला जातो. त्या मुलाला मी काय सांगायचं? 'हो' म्हटलं तर नऊ वर्षांचं पोर बापाकडे गुन्हेगार म्हणून बघेल. 'नाही' म्हटलं तर तक्ता खोटा ठरेल. आम्ही मोजत गेलो. त्या पाण्यावर घरी हरभरा किती झाला, त्यातून वर्षभराचं काय काय भागलं, हे मुलानं घरी विचारून आणलं. त्याच्या बाबानं पाणी उधळलं नव्हतं, त्यानं त्यावर घर चालवलं होतं. खाली तांड्यावरची विहीर मात्र फेब्रुवारीतच उघडी पडली होती. चूक कोणा एकाची नाही आणि तरी व्यवस्था चुकते आहे, ही गोष्ट मोठ्यांनाही पचायला जड जाते. मुलांना ती समजली, कारण आकडे त्यांनी स्वतः दोरीनं वर काढले होते.

'नळ बंद करा', 'प्लास्टिक वापरू नका' या शिकवणीत सगळा भार एकट्या मुलाच्या सवयीवर पडतो. सवय हवीच. पण नागरिकत्व सवयीपाशी संपत नाही. सामाईक गोष्टीचा निर्णय एकत्र बसून घेणं म्हणजे नागरिकत्व. आमच्या पाठ्यपुस्तकांत संविधानातली मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात, त्यांत वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव जपण्याचं कर्तव्य आहे. मुलं ते परिपाठात म्हणतात. 1976 च्या ज्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं हे कर्तव्य नागरिकाला दिलं, त्याच दुरुस्तीनं अनुच्छेद 48क मध्ये पर्यावरण जपण्याची जबाबदारी राज्यावरही टाकली. दोन्ही बाजू एकत्र शिकवायला हव्यात. मुलाला फक्त त्याचं कर्तव्य सांगायचं आणि शासनाचं सांगायचं नाही, तर तो आज्ञाधारक होईल, नागरिक होणार नाही.

असाच दुसरा प्रश्न रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा. कारंजा-सोहोळ अभयारण्य आमच्याच जिल्ह्यात, काळविटांसाठी राखलेलं. वर्गात 'वन्यप्राणी वाचवा' वाचताना माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, "मॅडम, रोही आमची तूर खाऊन जाते, तिले कायले वाचवाचं?" तिचा बाप तुरीत मचाण बांधून थंडीत जागतो. या मुलीला गोंडस हरणाचं चित्र दाखवून गप्प करणं मला अन्यायाचं वाटतं. तिला नुकसानीचा पंचनामा कसा होतो, वन विभागाकडे अर्ज कुठे करायचा, भरपाई कशी मिळते, गायरान आणि झुडपी जंगल कमी झाल्यावर रोही वावरात का शिरतात, हे सगळं शिकायचा हक्क आहे. त्यानंतर ती काय ठरवेल ते तिचं. शहरातल्या मुलाला प्राणिप्रेम फुकट पडतं. तिच्या घरी त्याची किंमत पोत्यांत मोजली जाते.

पावसाचंही तसंच. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते, आणि मदतीचा हिशेब तिथून सुरू होतो. यंत्र असतं मंडळाच्या ठिकाणी, ढग फुटतो चार गावं सोडून. सोयाबीन सोंगून वावरात पडलेलं असताना असा पाऊस आला तर शेंगांना कोंब फुटतात आणि हंगाम जातो. शाळेच्या मैदानात उभा केलेला साधा पर्जन्यमापक शासनाच्या यंत्राची जागा घेऊ शकत नाही, हे मी मुलांना आधीच सांगते. परंतु रोज सकाळी साडेआठला घेतलेली, तारीखवार, खाडाखोड नसलेली नोंद गावाकडे असणं ही मोठी गोष्ट आहे. अशी वही ठेवायला तिसरी-चौथीची मुलं उत्तम. त्यांना खोटं लिहिण्याचं काही कारण नसतं.

मग या वह्या जाणार कुठे? कायद्यानं जागा तयार आहेत. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांची मेहनत आहे, आणि त्यांचा भर सतत यावर होता, की गावातलं ज्ञान गावातल्या माणसांनीच नोंदवावं. बाहेरच्या संस्थेकडून घाईत भरून घेतलेल्या नोंदवहीपेक्षा गावच्या मुलांनी आजीला विचारून, नाल्याकाठी फिरून, पिढीजात नावांसकट केलेली यादी कितीतरी खरी असेल. आणि ग्रामसभा आहे. वर्षानुवर्षं चालत आलेल्या तिच्या तारखा म्हणजे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. भूजलाच्या मापाचे महिने यांच्याशेजारी ठेवून बघा. 2 ऑक्टोबरला विहिरी भरलेल्या असतात, 26 जानेवारीला ओलिताचा परिणाम दिसतो, 1 मेला तळ दिसतो. त्याच 1 मेला आमच्या शाळांचा निकाल असतो, पालक शाळेत आलेलेच असतात.

आक्षेप मला ठाऊक आहेत. शिक्षकांवर आधीच निवडणुकीची, सर्वेक्षणांची, पोर्टल भरण्याची कामं आहेत. दोन शिक्षकांच्या शाळेत हे कोण करणार? माझं उत्तर असं, की हे नवं काम म्हणून आलं तर मीच विरोध करीन. हे गणित, भाषा आणि परिसर अभ्यासाच्या तासात बसतं म्हणूनच मी त्याच्या बाजूनं आहे. वाचन कच्चं असलेली मुलं आधी वाचायला शिकू देत, असंही म्हणतात. माझ्या वर्गात अडखळत वाचणारा मुलगा स्वतःच्या गटाची नोंद वाचताना अडखळत नाही, कारण पुढचा आकडा काय असणार हे त्याला माहीत असतं आणि तो सांगायची त्याला घाई असते. ड्यूई यांनीही प्रकल्पांबद्दल बजावलं होतं, की क्षुल्लक आणि तात्पुरते प्रकल्प शिक्षणाच्या कामाचे नसतात. वर्षभर चालणारी विहिरीची वही त्या कसोटीला उतरते.

तिसरा आक्षेप सहसा मोठ्यानं बोलला जात नाही. बंधारा गळतो असं मुलांच्या वहीत निघालं तर? ज्यानं बांधला तो गावातलाच असतो. शिक्षिकेची बदली होऊ शकते, मुलाच्या घरच्यांना बोलणी बसू शकतात. हा धोका खरा आहे आणि त्याची जोखीम मुलांच्या डोक्यावर टाकणं मला मान्य नाही. म्हणून वहीवर कोणा मुलाचं नाव असू नये, शाळेचं असावं. मुलांनी माप सांगावं, कारण शोधणं आणि जबाबदार कोण ते ठरवणं हे मोठ्यांच्या सभेचं काम. मुलांना मोर्च्याच्या पुढे उभं करणारे कार्यक्रम मला पटत नाहीत. त्यांना मत नाही, अठरा वर्षं पुरी व्हायची आहेत. पण माहिती देण्याचा आणि ऐकून घेतलं जाण्याचा हक्क त्यांना आहे. 1989 च्या बालहक्क संहितेत मुलांचं म्हणणं ऐकण्याचं कलम आहे आणि भारतानं 1992 मध्ये ती स्वीकारली आहे.

जिल्हा परिषदेकडे माझी मागणी पैशांची नाही. एक परिपत्रक पुरे. ज्या शाळा विहिरींची आणि पावसाची वही ठेवतात, त्यांच्यासाठी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय 'शाळेचा पाणी-अहवाल' असावा. दोन मुलांनी तो वाचावा, पाच मिनिटांत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आकडे इतिवृत्तात जसेच्या तसे उतरवावेत. ग्रामसभेला त्यावर काही ठरवायचं असेल तर ठरवावं, नसेल तर तसं लिहावं. आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची एक प्रत आठ दिवसांच्या आत शाळेत पोचावी, म्हणजे पुढच्या मापाला निघण्याआधी ती वर्गात वाचता येईल.